उपाशी विद्यापीठ आणि चाव्यांचे भांडण

सार्वजनिक विद्यापीठे बंद करण्याचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळात कुणी मांडलेले नाही, आणि तसे ते मांडण्याची गरजही कुणाला वाटलेली नाही. जे उपाशी ठेवून मरते त्याला फासावर चढवण्याचा डाग अंगावर कशाला घ्यायचा, एवढा व्यवहार राज्यकर्त्या वर्गाला पुरता कळतो. म्हणून विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांत ज्ञानाच्या महतीवर व्याख्याने झडतात, कुलपतींची भाषणे छापली जातात, नव्या शैक्षणिक धोरणाचे फलक लागतात. आणि त्याच विद्यापीठात जागा रिक्त राहतात, ग्रंथालयात नियतकालिके येईनाशी होतात, प्रयोगशाळेतील उपकरणांवर झाकणे चढतात. मृत्यू झाला असे कुणी म्हणू शकत नाही, कारण श्वास चालू असतो. तो श्वास परीक्षा-शुल्काच्या पैशावर चाललेला आहे, एवढेच कुणी सांगत नाही.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे गाव विद्यापीठांच्या नकाशावर ठळकपणे कोठेच नाही, आणि म्हणूनच विद्यापीठांचे काय चालले आहे ते तेथून अधिक स्वच्छ दिसते. गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतो. मागे राहिलेली मुले आजीच्या हाताखाली शाळा करतात, आणि त्यांतली जी बारावीपर्यंत टिकून राहतात त्यांच्यासमोर उच्च शिक्षणाचा एकच दरवाजा असतो: नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेले एखादे अनुदानित महाविद्यालय. पुण्याच्या खोलीभाड्याला त्यांच्या घरची ऐपत पुरत नाही आणि खासगी विद्यापीठांच्या जाहिराती त्यांच्यासाठी छापलेल्याच नसतात. मुंबईतील सुखवस्तू कुटुंबाने सार्वजनिक विद्यापीठाकडे पाठ फिरवली तर त्याचे काही अडत नाही. राणीसावरगावच्या ऊसतोड मजुराच्या मुलीसमोर मात्र दुसरे दार नाही. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पाचा प्रश्न हा म्हणून हिशेबनिसांचा प्रश्न नव्हे. तो वर्गीय प्रश्न आहे.

नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. दिवस विचारपूर्वक निवडला होता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये त्याच दिवशी मुक्त झाले होते. नावही विचारपूर्वक दिले होते. स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत वावरलेले कार्यकर्ते होते, आणि पुढे हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांतून त्यांनी मराठवाड्याची एक पिढी घडवली. शिक्षण ही मुक्तिलढ्याची पहिली चौकी आहे हे त्यांनी कृतीने सांगितले. निजामी राजवटीत पदवीच्या शिक्षणासाठी मराठवाड्याच्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. आणि १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून तेथून बाहेर पडावे लागले तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाच्या दारात जावे लागले. या पार्श्वभूमीवर १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले, १९९४ मध्ये नांदेडला आले. यांतले एकही दान म्हणून मिळालेले नाही. आज जे कुणी ‘विद्यापीठाने स्वतःच्या पायावर उभे राहावे’ असा उपदेश करतात, त्यांनी ही पावले कुणाच्या रक्ताने पुढे पडली याचा हिशेब आधी मांडावा.

आता पायांचा हिशेब पाहू. राज्य विद्यापीठाच्या उत्पन्नाचे दोन मुख्य ओघ असतात. एक, मंजूर पदांच्या वेतनासाठी राज्य शासनाकडून येणारे अनुदान. दुसरा, विद्यापीठाचा स्वतःचा निधी. म्हणजे परीक्षा-शुल्क, नोंदणी-शुल्क, महाविद्यालयांचे संलग्नता-शुल्क आणि ठेवींवरील व्याज. शासनाचे अनुदान मंजूर पदांपुरते, आणि मंजूर पद रिक्त राहिले तर तेवढा पैसा तिजोरीतच राहतो. म्हणजे पद न भरणे ही शासनाची बचत ठरते. नवा विभाग काढायचा झाला तर तो स्वयंअर्थसाहाय्यित तत्त्वावर काढा असे सांगितले जाते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर. तिसरा ओघ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विकास अनुदानाचा होता. नियोजन आयोग २०१५ च्या आरंभी गुंडाळला गेला, बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली, आणि योजनांच्या नावाने राज्य विद्यापीठांकडे येणारा तो ओघ आटला. त्याच्या जागी आधी २०१३ चे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान आणि मग २०२३ ची प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान योजना आली. या योजनांत पैसा हक्काने येत नाही, स्पर्धेने येतो. केंद्राशी करार करावा लागतो, प्रस्ताव पाठवावा लागतो, मूल्यांकनाची श्रेणी दाखवावी लागते. केंद्रीय संस्थांना तर २०१७ पासून उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेकडून अनुदानाऐवजी कर्ज घ्यायला लावण्यात आले. सरकार सावकार झाले आणि विद्यापीठ ऋणको झाले, हा बदल किती शांतपणे घडला!

मूल्यांकनाच्या श्रेणीचे हे चक्र तर मुळातच अन्यायाचे आहे. श्रेणी देताना कायम अध्यापकांचे प्रमाण पाहतात, संशोधन पाहतात, सुविधा पाहतात. पद भरू न देणारे शासनच. पद रिक्त म्हणून श्रेणी घसरते. श्रेणी घसरली म्हणून निधी नाकारला जातो. आणि निधी नाही म्हणून पुन्हा पद रिक्त. ज्याच्या ताटात आहे त्यालाच वाढायचे आणि उपाशी असलेल्याला ‘तुझी पचनशक्ती कमी’ असे म्हणायचे, ही पंगत कोणत्या न्यायाची?

स्वतःच्या निधीची गोष्टही अशीच वाकडी आहे. मुंबई आणि पुणे यांच्या विद्यापीठांकडे लक्षावधी विद्यार्थी, शेकडो महाविद्यालये आणि दीर्घकाळ साठत आलेल्या ठेवी आहेत. नांदेडच्या विद्यापीठाच्या वाट्याला नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आले. त्या चार जिल्ह्यांत शुल्क वाढवणे म्हणजे कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाशी जुगार खेळणे. शुल्कावर विद्यापीठ चालवायचे ठरले की श्रीमंत प्रदेशाचे विद्यापीठ श्रीमंत होते आणि गरीब प्रदेशाचे गरीब राहते. प्रादेशिक असमतोल विद्यापीठाच्या ताळेबंदातच कोरला जातो. अनुदान हे याच विषमतेवरचे औषध होते. औषध बंद करून रोग्याच्या प्रकृतीचा अहवाल मागवणे हे काम आता दरवर्षी चालते.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर हा अहवाल आणखी उघडा पडतो. तासिका तत्त्व हा शब्द मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात समजावून सांगावा लागत नाही. पीएच.डी. झालेला, सेट-नेट उत्तीर्ण झालेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस तासामागे ठरलेल्या मानधनावर शिकवतो. सुटीचे दिवस, परीक्षेचे दिवस, आजारपणाचे दिवस त्याच्या हिशेबात येत नाहीत. मानधन महिनोन्‌महिने तुंबते. उन्हाळ्यात त्याची नोकरी संपते आणि जूनपासून पुन्हा उमेदवारी सुरू होते. २०१७ मध्ये वित्त विभागाने पदभरतीवर निर्बंध घातले. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांच्या चाळीस टक्के म्हणून ३,५८० सहाय्यक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता मिळाली. चाळीस टक्के! शंभर मुलांपैकी चाळीस मुलांना जेवू घालण्याच्या या निर्णयाचे श्रेय घेणारे कार्यक्रमही झाले असतील. तीही सारी भरली गेली नाहीत. उरलेल्या २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. एकच पद दोनदा मंजूर करण्यात शासनाचा काही खर्च होत नाही. वृत्तपत्रात मात्र ते दोनदा छापून येते.

यातला सर्वांत बोचरा भाग कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘अध्यापक’ म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त अध्यापक. तासिकेवर शिकवणारा माणूस म्हणजे वर्गात अध्यापक आणि कायद्यात कुणीच नव्हे. अधिसभेच्या अध्यापक मतदारसंघात त्याला मत नाही. ज्या विद्यापीठात शिकवण्याचा मोठा भार अशा माणसांनी उचललेला आहे, त्या विद्यापीठाच्या कारभारात त्यांचा शब्द शून्य. जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसे तेव्हा समाजवाद्यांनी कूळकायद्यासाठी रान उठवले होते. येथे वर्ग कसणाऱ्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नाही, आणि रान शांत आहे.

या शांततेला प्राध्यापकांच्या संघटनाही काही अंशी जबाबदार आहेत, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात थकबाकी आणि नेट-सेटच्या प्रश्नावर राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार घालण्याची शक्ती या संघटनांत होती. ती शक्ती कायम झालेल्यांच्या मागण्यांपाशी आली की जागी होते आणि तासिकेवरील सहकाऱ्यापाशी आली की निवेदन देऊन झोपी जाते. कामगार चळवळीत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात भिंत उभी राहिली तेव्हा मालकाचे काम किती सोपे झाले, हे गिरणगावाने आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीने पाहिलेले आहे. प्राध्यापक स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचतात म्हणून तो धडा त्यांना लागू पडत नाही असे थोडेच आहे!

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा प्रश्न यापासून वेगळा समजण्याची चूक होते. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ राणीसावरगावच्या शेतकऱ्याला पदवीपेक्षाही बियाण्याच्या पिशवीतून भेटते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण कित्येक वर्षे कोरडवाहू कापसाचा आधार होते. बदनापूरच्या केंद्रातून तुरीची वाणे आली, परभणीतून सोयाबीनची ‘एमएयूएस’ मालिका आली, भेंडीची ‘परभणी क्रांती’ आली. हे सारे सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन. त्यावर कुणाचा मक्ता नव्हता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही हंगामांतच बियाण्याचा बाजार खासगी कंपन्यांच्या हाती गेला. बीटी जनुक घातलेले ‘नांदेड-४४’ आले ते इतक्या उशिरा की तोवर शेतकऱ्याची सवय आणि दुकानदाराची फळी दोन्ही बदलून गेली होती. याला केवळ विज्ञानातील मागासलेपण म्हणून चालणार नाही. ज्या संस्थेत शास्त्रज्ञांच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या ठेवल्या जातात, तेथे दहा वर्षे चालणारा पैदास कार्यक्रम कोण सांभाळणार? सार्वजनिक विद्यापीठाच्या उपासमारीची किंमत शेवटी पिशवीमागे छापील भावाने शेतकरी मोजतो आणि तिची पावती कुणाच्या नावावर फाडलेली नसते.

आता असे सांगण्यात येते की हा मराठवाड्याचा नेहमीचा रडका सूर आहे. रड नव्हे, हा लेखी कराराचा प्रश्न आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या सोयींत या विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन होते. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, याचे पोवाडे गायले गेले. वचन मात्र दिलेलेच होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षण, व्यवसाय-प्रशिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्या यांत समन्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी राज्यपालांवर टाकलेली आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला तेव्हा राज्याचा एकूण आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला, आणि सामान्य शिक्षण व तंत्रशिक्षण ही त्यातली स्वतंत्र खाती होती. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सत्तेत कोणता पक्ष आहे यावरून त्या मंडळांची आठवण येते आणि जाते. जे राज्यपाल कुलपती म्हणून विद्यापीठाच्या कारभारात रस घेतात, त्यांच्यावरच अनुच्छेद ३७१(२) ची जबाबदारी आहे. कुलगुरूच्या नेमणुकीच्या वेळी राजभवनाची जी तत्परता दिसते, तिचा दहावा हिस्साही अनुशेषाच्या कामी कधी दिसला नाही.

नेमणुकीची ही तत्परता म्हणजेच चाव्यांचे भांडण. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर करून घेतली. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरुपदासाठीची नावे राज्य शासनामार्फत राज्यपालांकडे जाणार होती. राज्यपालांची संमती आली नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते विधेयकच मागे घेतले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात कुलगुरूच्या शोध समितीतून राज्य शासनाला वगळले होते, आणि उद्योग वा सार्वजनिक प्रशासनातील व्यक्तीलाही कुलगुरुपदाचा मार्ग मोकळा केला होता. एक बाजू म्हणते चावी मंत्रालयात हवी, दुसरी म्हणते राजभवनात हवी, तिसरी दिल्लीत हवी म्हणते. पुरोगामी म्हणवणाऱ्यांपैकी अनेकांनी या भांडणात मंत्रालयाची बाजू घेतली, कारण समोर राजभवन होते. पण मंत्र्याच्या ताब्यातील विद्यापीठ हे लोकांच्या ताब्यातील विद्यापीठ होत नाही. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६ मध्ये या राज्याच्या एका मुख्यमंत्र्याला पद सोडावे लागले होते. विद्यापीठाची चावी मंत्रालयाच्या कंबरेला लटकली की काय होते, याचा तेवढा एक दाखला पुरेसा असावा.

राजभवन आणि दिल्ली यांच्याविषयी तर मृदू शब्द सापडणे कठीण. केंद्राने अनुदानाचा हात आखडता घ्यायचा, पगाराचा भार राज्याने वाहायचा, आणि कुलगुरू कोण हे मात्र राज्याला न विचारता ठरवायचे, ही संघराज्याची कोणती व्याख्या?

खरा प्रश्न चावी कुणाकडे हा नाहीच. दार कुणासाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली उघडायचे, हा आहे. त्यासाठी अधिसभा, विद्वत्सभा, व्यवस्थापन परिषद या संस्था होत्या. त्यांचे काय केले गेले पाहा. ऑगस्ट २०१५ अखेर जुन्या प्राधिकरणांची मुदत संपली. नवा कायदा यायचा आहे या सबबीखाली निवडणुका लांबवल्या गेल्या. महाराष्ट्राची सार्वजनिक विद्यापीठे दोन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या प्रतिनिधींविना चालली. त्याच पोकळीत, २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. लक्षावधी उत्तरपत्रिकांचे निकाल रखडले, परदेशी प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना राज्यपालांनी पदावरून दूर केले. त्या विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले. एक व्यक्ती गेली. ज्या रचनेत त्या व्यक्तीला ‘थांबा’ म्हणणारे निवडून आलेले सभागृहच शिल्लक नव्हते, ती रचना घडवणाऱ्यांना कुणी दूर केले नाही. नव्या कायद्याने अधिष्ठात्यांची निवडणूक काढून नेमणूक आणली. विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद कायद्यात आली आणि तीच तरतूद वर्षानुवर्षे कागदावर झोपवली गेली. मुंबईच्या नोंदणीकृत पदवीधरांची अधिसभा-निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐन वेळी थांबवण्यात आली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने घ्यावी लागली. दहा जागांच्या एका निवडणुकीला एवढे भिण्यासारखे काय असावे? भीती एवढीच की अधिसभेत अर्थसंकल्पावर प्रश्न विचारता येतो.

नांदेडच्या अधिसभेतही पदवीधरांच्या दहा जागा आहेत. त्या जागांकडे परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी आजवर कसे पाहिले? मोठ्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी आपल्या कर्मचाऱ्यांकडून नावनोंदणीचे गठ्ठे भरून घेतले. कार्यकर्त्यांनी शेवटच्या आठवड्यात पत्रक काढले. राणीसावरगावसारख्या गावात पदवीधर कमी आहेत असे नाही. पदवी घेऊन सेतू केंद्र चालवणारे आहेत, पदवी घेऊन पोलीस भरतीसाठी धावणारे आहेत, पदवी घेऊन कोयता हाती घेणारेही या डोंगरपट्ट्यात आहेत. त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की विद्यापीठाच्या सभागृहासाठी मत देण्याचा हक्क त्यांना आहे? हे सांगण्याचे काम संस्थाचालक करणार नाहीत.

संस्थाचालकांचा विषय आलाच आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. साखर कारखान्याच्या शेजारी महाविद्यालय उभे राहिले, आणि सहकाराच्या भांडवलाला शिक्षणाचा नवा धंदा मिळाला. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ हे बिरुद लागले. म्हणजे शासनाने कायमचे हात झटकले. बहुजनांच्या मुलांना शिक्षण मिळाले ते या संस्थांमुळेच, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. अनुदानित महाविद्यालयांपुरता तो काही प्रमाणात खराही आहे. पण तेथे पगार जनतेच्या पैशातून गेला आणि नाव संस्थापकाचे झाले. विनाअनुदानित धंद्यात तर पैसा विद्यार्थ्याचा, जमीन बहुधा शासनाची आणि नफा घराण्याचा. हेच लोक आता खासगी विद्यापीठांचे कुलपती होत आहेत, आणि तेच विधिमंडळात बसून सार्वजनिक विद्यापीठाच्या अनुदानावर मतदान करतात. कसायाला गोठ्याचा राखणदार नेमल्यावर दुधाचा हिशेब मागण्यात अर्थ उरत नाही.

‘ज्याला लाभ त्याने पैसे मोजावेत’ हा युक्तिवाद सध्या मोठा प्रतिष्ठित आहे. डॉक्टर शिकला तर लाभ त्याचा, मग करदात्याने पैसे का द्यावेत? यातली मेख अशी की करदाता म्हणून फक्त आयकर भरणाऱ्याचा चेहरा दाखवला जातो. राणीसावरगावचा मजूर काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. खताच्या पिशवीवर भरतो, मोबाईलच्या रिचार्जवर भरतो. त्याच्या पैशावर विद्यापीठे उभी राहिली आणि त्याची मुलगी दारापर्यंत येते त्या वेळी ‘आता ज्याने त्याने आपापले पाहावे’ असा नियम होतो. तोवर ज्यांनी फुकटात शिकून घ्यायचे ते शिकून परदेशी गेलेले असतात. काळाचा ओघच असा आहे, म्हणूनही सांगतात. ब्रिटनने १९९८ मध्ये हजार पौंडांपासून शुल्क सुरू केले आणि २०१२ मध्ये ते नऊ हजारांवर नेले, हे उदाहरण सर्वांना तोंडपाठ असते. जर्मनीतील काही राज्यांनी २००६ च्या सुमारास शुल्क लावले आणि लोकांच्या विरोधामुळे २०१४ पर्यंत सर्वांनी ते मागे घेतले, हे कुणी सांगत नाही. चिलीमध्ये २०११ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०१६ पासून गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत उच्च शिक्षण सुरू करावे लागले, हेही नाही. ओघ नैसर्गिक नसतात. पाट काढणारे कोणी तरी असतात.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय चांगला आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण शुल्क माफ करून वर्गात अध्यापक दिला नाही, वसतिगृह दिले नाही, शुल्काची भरपाई महाविद्यालयाला वेळेवर दिली नाही, तर मुलीला जे फुकट मिळाले ते नेमके काय? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्यास सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. अर्धशतकाहून अधिक काळ एकच वाक्य नव्या कागदावर उतरवून काढण्याला धोरण म्हणतात.

एक गोष्ट आणखी, आणि ती मराठवाड्यानेच स्वतःला विचारण्यासारखी आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि ‘अस्मिता’ जागी झाली. परभणी-नांदेडच्या खेड्यापाड्यांत दलितांच्या झोपड्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून ज्याने या प्रदेशाला उच्च शिक्षणाची वाट दाखवली, त्याचे नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. समाजवादी तरुण त्या लढ्यात नामांतराच्या बाजूने तुरुंगात गेले, याचा अभिमान योग्यच आहे. पण ज्यांच्या अस्मितेने नावासाठी गावे पेटवली, त्यांची तीच अस्मिता विद्यापीठांतील जागा रिकाम्या झाल्या तेव्हा, विकास मंडळ बुडाले तेव्हा, परभणीच्या प्रयोगक्षेत्रांवर शास्त्रज्ञ उरले नाहीत तेव्हा कोणत्या मंगल कार्यालयात जेवत होती? जी अस्मिता वंचिताविरुद्धच जागी होते आणि सत्तेपुढे मौन पाळते, ती प्रदेशाची नसते. ती गावगाड्यातल्या वरच्या जातींची मालमत्ता असते.

मराठवाड्याच्या जनतेला दुसऱ्या प्रकारचे लढेही ठाऊक आहेत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोकऱ्यांच्या प्रश्नावरूनच पडली होती. विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफांसारखे मुक्तिसंग्रामातले सेनानी पाठीशी उभे राहिले, आणि एका विद्यापीठातील भरतीचा प्रश्न पाहता पाहता रेल्वे, पाणी आणि उद्योग यांचा प्रश्न झाला. आज त्याच विद्यापीठात, आणि नांदेडच्याही विद्यापीठात, भरतीचाच प्रश्न अधिक उग्र स्वरूपात उभा आहे. फरक एवढाच की त्या वेळी बेकार तरुणाला आपले दुःख शेजाऱ्याच्या दुःखाशी जोडता आले. आजचा तासिकेवरचा प्राध्यापक एकटाच शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर काम आहे, आणि ते भाषणाचे नाही. तालुक्यातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती जण आहेत आणि त्यांचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले आहे, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवता येते. शिष्यवृत्तीचे पैसे न आल्यामुळे किती विद्यार्थ्यांचे दाखले अडवून ठेवले आहेत, हे महाविद्यालयाच्या खिडकीपाशी एक दिवस उभे राहिले तरी कळते. परभणीच्या कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञांची कोणत्या विषयांतील पदे किती वर्षे रिकामी आहेत, तेही मागवावे. हे आकडे गावच्या चावडीवर आणि आठवडी बाजारात फळ्यावर लिहून लावावेत. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात त्या दिवसांत लावावेत, म्हणजे ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे त्यांना ते वाचता येतील वा वाचून घेता येतील. पदवीधरांची नोंदणी निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता गावनिहाय सुरू करावी. आणि अधिसभेसाठी उमेदवार ठरवताना एखाद्या तासिकेवरील अध्यापकाला, पदवीधर म्हणून तो उभा राहू शकत असेल तर, आधी विचारावे. अध्यापक म्हणून ज्याला कायदा ओळखत नाही, त्याला पदवीधर म्हणून त्या सभागृहात बसवून विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर पहिला प्रश्न त्याच्याकडूनच विचारला जावा.